प्रोग्रॅम येतात, पण संगणकशास्त्राच्या लेखी पेपरात मार्क जातात. विद्यापीठ प्रवेशाआधीच्या परीक्षेची तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की परीक्षेला तीनेक महिने उरलेत, घरी प्रोग्रॅम व्यवस्थित चालतात, नोट्स दोन-तीनदा वाचून झाल्यात, तरी सराव पेपरात गाडी निम्म्या मार्कांच्या पुढे सरकत नाही. मी हा विषय याच टप्प्यावरच्या मुलांना शिकवते आणि त्यांचे सराव पेपर तपासते. तुमच्यासारखी मुलं दरवर्षी भेटतात, आणि बहुतेकदा ती वर्गातली चांगला कोड लिहिणारीच असतात.

संगणकावर कोड लिहिताना निम्मं काम यंत्र उचलत असतं. कंस राहिला की लाल रेघ येते. उत्तर एकाने चुकलं की आपण कुठेतरी ‘अधिक १’ घालून पुन्हा चालवून बघतो, आणि जमलं की पुढे जातो. शिकताना हे चालतं, किंबहुना सगळे असेच शिकतात. पण लेखी पेपरात ‘रन’चं बटण नसतं. कोड लिहायचाही तुम्ही आणि चालवायचाही तुम्हीच. म्हणून या तीन महिन्यांत मोठा बदल एकच करा: अभ्यासाचा बराचसा वेळ कागद-पेन घेऊन बसा. नोट्स उतरवून काढायला नव्हे, कोड हाताने चालवायला.

बायनरी सर्च घेऊ, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीतला मधला आकडा बघून दर वेळी निम्मी यादी सोडून देत शोधणं, कारण हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात जवळजवळ सगळ्याच अभ्यासक्रमांत येतो. चढत्या क्रमाने लावलेले आठ आकडे घ्या: ४, ९, १३, २१, २८, ३५, ४२, ५७. स्थानं ० ते ७. कागदावर चार रकाने आखा: लो (शोधायच्या भागाचं पहिलं स्थान), हाय (शेवटचं स्थान), मिड (त्या दोघांच्या बेरजेचं निम्मं, अपूर्णांक सोडून) आणि मिडच्या जागी असलेला आकडा. आता ४२ शोधा. पहिल्या ओळीत ०, ७, ३, २१. एकवीस लहान आहे, म्हणून लो होतो ४. दुसऱ्या ओळीत ४, ७, ५, ३५. तोही लहान, लो ६. तिसऱ्या ओळीत ६, ७, ६, ४२. सापडला.

आता मुद्दाम एक चूक करा. ‘लो = मिड + १’ असं लिहायच्या जागी ‘लो = मिड’ लिहा आणि पुन्हा ४२ शोधा. आकडा याही वेळी सापडतो! चूक दिसतच नाही. मग ५७ शोधून बघा. लो ६, हाय ७, मिड ६, आकडा ४२, तो लहान आहे म्हणून लो पुन्हा ६. पुढची ओळ हुबेहूब तशीच, त्याच्या पुढचीही तशीच. लूप कधीच संपत नाही. हे टेबल स्वतःच्या हाताने एकदा भरलं की ‘मिड + १’ पाठ करावं लागत नाही, ते तिथे का आहे ते कळलेलं असतं. त्यानंतर ‘मिड + १’ परत लिहून यादीत नसलेला आकडा शोधा, ४३ म्हणा, आणि लूप नेमका कधी थांबतो ते पाहा. लो ७ आणि हाय ६ झाला, म्हणजे लो हायच्या पुढे गेला, की शोध संपला. ‘आकडा यादीत नसेल तर काय होईल?’ हा दोन-तीन मार्कांचा प्रश्न असतो आणि भरपूर मुलं तो मोकळा सोडून येतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हे मार्क अक्षरशः तीन-चार ओळींच्या टेबलात आहेत.

आणि ही चिकाटी फक्त परीक्षेपुरती नाही. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक या अभियंत्याने जाहीर केलं, की जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीत (भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये) त्यानेच लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षं एक चूक दडून होती. मिड काढताना लो आणि हाय यांची आधी बेरीज होत असे. यादी अतिप्रचंड असली, की ती बेरीज ३२ बिटांच्या ऋण-धन पूर्णांकात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या, २,१४,७४,८३,६४७ च्या, पलीकडे जाई आणि मिड ऋण येई. उपाय साधा: लो मध्ये ‘हाय वजा लो’ची निम्मी मिळवायची. जगभर वापरल्या जाणाऱ्या दहा-बारा ओळींत हे होऊ शकतं, तर आपण आपल्या दहा ओळी हाताने चालवून बघण्यात कमीपणा कसला?

यावरूनच संख्यांच्या भागाकडे येते. बायनरी (फक्त ० आणि १ ने संख्या लिहिणं), हेक्साडेसिमल (१६ च्या पायाने लिहिणं), टूज कॉम्प्लिमेंट (ऋण संख्या बायनरीत लिहायची पद्धत) हे हक्काचे मार्क आहेत. अट एवढीच, की प्रत्येक उत्तर उलटं फिरवून तपासायची सवय हवी. समजा −३७ आठ बिटांत लिहायचा आहे. ३७ म्हणजे ००१००१०१. सगळे बिट उलटवले की ११०११०१०. त्यात १ मिळवला की ११०११०११. इथे थांबू नका. डावीकडचा पहिला बिट −१२८ चा, बाकीचे ६४, १६, ८, २, १, त्यांची बेरीज ९१. −१२८ मध्ये ९१ मिळवले की −३७. जुळलं. अर्धा मिनिट जातो आणि उत्तर बरोबर असल्याची खात्री होते.

मग १०० आणि ५० ची आठ बिटांत बेरीज करा. उत्तर येतं १००१०११०, आणि टूज कॉम्प्लिमेंटमध्ये ते −१०६ होतं. दोन धन संख्यांची बेरीज ऋण! यालाच ओव्हरफ्लो म्हणतात. व्याख्या घोकण्यापेक्षा ही एक बेरीज लक्षात ठेवा. ‘ओव्हरफ्लोमुळे प्रत्यक्षात काय बिघडतं?’ असं विचारलं तर ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात नष्ट झालेलं एरियान ५ रॉकेट आठवा. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायला गेले, जिथे ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. कोड आधीच्या एरियान ४ मधून घेतलेला होता. तिथे तो आकडा कधी एवढा वाढलाच नव्हता. ‘टेस्टिंग’ वरच्या प्रश्नालाही हेच उदाहरण चालतं.

रिकर्शनची, म्हणजे कोडच्या तुकड्याने स्वतःलाच पुन्हा बोलवण्याची, भीती जवळपास प्रत्येकाला असते. त्यावर माझा एक छोटा सराव आहे. ‘दाखव’ नावाचा प्रोसिजर घ्या: न शून्यापेक्षा मोठा असेल तर आधी दाखव(न − १) बोलवायचा, मग न छापायचा. दाखव(३) काय छापेल? पुष्कळ मुलं ३ २ १ लिहितात. बरोबर उत्तर १ २ ३. कारण छापायची ओळ येण्याआधीच पुढचा कॉल सुरू होतो आणि ३ छापायचं काम स्टॅकवर (अर्धवट कामांच्या ढिगात, जिथे शेवटी ठेवलेलं आधी उचललं जातं) थांबून राहतं. आता दोन ओळींची अदलाबदल करा, मग ३ २ १ येईल. प्रत्येक कॉलसाठी कागदावर एक चौकोन काढा, त्यात न ची किंमत लिहा, कॉल संपला की चौकोनावर काट मारा. फॅक्टोरियल, ट्री ट्रॅव्हर्सल, मर्ज सॉर्ट सगळं याच चौकोनांनी सुटतं. घाईत चौकोन डोक्यातल्या डोक्यात काढू नका, निदान पहिले काही आठवडे तरी.

आता थिअरी. नोट्स वाचूनही मार्क येत नाहीत याचं कारण मला तपासताना दर पानावर दिसतं: उत्तर खरं असतं, पण प्रश्नाला लागू होत नाही. ‘लिनिअर सर्चपेक्षा बायनरी सर्च कार्यक्षम का आहे ते स्पष्ट करा’, मार्क ३. उत्तर येतं: ‘कारण तो वेगवान आहे आणि वेळ वाचतो.’ हे प्रश्नच परत लिहिणं झालं. तपासणाऱ्याला हवं असतं असं काही: प्रत्येक तुलनेनंतर शोधायची यादी निम्मी होते, म्हणून १,००० घटकांत जास्तीत जास्त १० तुलना पुरतात, तर एकेक घटक ओळीने बघणाऱ्या लिनिअर सर्चला वाईटात वाईट वेळी १,००० लागतात, मात्र यादी आधी क्रमाने लावलेली असली पाहिजे. तीन मुद्दे, तीन मार्क. प्रश्नातलं क्रियापद वाचा. ‘सांगा’ला एक शब्द किंवा एक वाक्य पुरतं, ‘स्पष्ट करा’ला कारण लागतं, ‘तुलना करा’ला दोन्ही बाजूंचा उल्लेख एकाच वाक्यात लागतो. स्टॅक आणि क्यू यांच्यावर दोन वेगळे परिच्छेद लिहिले, तर ती तुलना होत नाही.

डेटाबेससाठी वाचन जवळपास बंदच करा. तीन छोटी टेबलं स्वतः बनवा, विद्यार्थी, विषय आणि नोंदणी, आणि त्यांवर क्वेरी (टेबलातून माहिती काढायच्या सूचना) हाताने लिहा. जॉइनची (टेबलं एकमेकांना जोडायची) अट विसरून बघा: ५ विद्यार्थी आणि ४ विषय असतील तर २० ओळी येतात, प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी. हे एकदा कागदावर मांडलं की अट पुन्हा विसरत नाही. नॉर्मलायझेशनही (एकच माहिती पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून टेबल फोडणं) असंच, एका गबाळ्या टेबलापासून सुरू करून तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत स्वतः न्या.

नेटवर्क, हार्डवेअर, कायदे आणि नीती या भागांना पाठांतर लागतंच, ते रोज थोडं थोडं करा. लॉजिक गेट्ससाठी ट्रुथ टेबल (प्रत्येक इनपुटला काय उत्तर येतं त्याचा तक्ता) भरा. डी मॉर्गनचे नियमही ट्रुथ टेबलानेच पडताळून बघा.

सराव पेपर कसे सोडवायचे, यावर मी जरा आग्रही आहे. बोर्डाची उत्तरसूची उपलब्ध असेल तर ती सोन्यासारखी जपा, पण पेपर पूर्ण वेळ लावून सोडवल्याशिवाय उघडू नका. मग लाल पेनाने स्वतःला मार्क द्या, आणि देताना कंजूस व्हा. ‘मला हेच म्हणायचं होतं’ याला मार्क नाहीत, कागदावर जे आहे त्यालाच आहेत. गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर कारण लिहा: माहितीच नव्हतं, माहीत होतं पण लिहिलं नाही, की ट्रेस (कोड हाताने चालवणं) चुकला. चार-पाच पेपरांनंतर या तिघांपैकी एक कारण ठळकपणे वर येतं, आणि उरलेला वेळ कशावर घालवायचा ते आपोआप ठरतं. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, तुमचं दुसरं असेल.

चॅटबॉटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. त्याच्याकडून उत्तर लिहून घेतलंत तर हात पुन्हा रिकामाच राहतो. स्वतः लिहिलेलं उत्तर उत्तरसूचीसह त्याला द्या आणि कुठला मुद्दा राहिला ते विचारा. तो सांगेल तेही एकदा ट्रेस करून पडताळा, कारण ट्रेस टेबलात तोही अधूनमधून चुकतो.

काही बोर्डांचा एक पेपर संगणकावर कोड लिहून द्यायचा असतो. तुमचा तसा असेल तर त्या पेपरची भीती तुम्हाला नसावी. फक्त परीक्षेत चालणारी भाषा आणि तिची आवृत्ती आधीच बघून घ्या, आणि आपोआप पूर्ण होणाऱ्या सूचना बंद ठेवून सराव करा. लेखी पेपरात सूडोकोड (कुठल्याही एका भाषेचा नसलेला, कोडसारखा मजकूर) लिहायचा असेल तर बोर्डाने दिलेलं सूडोकोडचं मार्गदर्शक पत्रक छापून घ्या. असाइनमेंटला (व्हेरिएबलला किंमत द्यायला) बाण की बरोबरचं चिन्ह, ॲरेची (यादीची) स्थानं ० पासून की १ पासून, हे त्यात लिहिलेलं असतं. १ पासून सुरू होणाऱ्या ॲरेवर ० पासूनचा लूप लावला की संपूर्ण उत्तर एका जागेने सरकतं.

परीक्षेच्या दिवशी कोडच्या प्रश्नानंतर समासात तीन किमती लिहून तुमचा कोड चालवा: रिकामी यादी, एकच घटक असलेली यादी, आणि शोधायचा घटक अगदी शेवटी. वेळ कमी असेल तर निदान तिसरी.

तुमच्या अभ्यासक्रमात फ्लोटिंग पॉइंट आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आहे का, ते कमेंटमध्ये कळवा. असेल तर त्या दोन्हींसाठी मी मुलांना देते ते सरावाचे प्रश्न इथेच लिहीन.