सही करण्याआधी बजेटचा तक्ता वाच

प्रिय डॉक्टर,

परदेशी विद्यापीठाचा प्रस्ताव वाचला. परळमध्ये राहून क्षयरोगावर एवढं मोठं काम करायला मिळतंय, याचा मनापासून आनंद झाला. होकार जरूर दे, पण आधी बजेटचा तक्ता नीट बघ.

भारताच्या रकान्यात काय आहे? फील्ड वर्कर, नमुने गोळा करणं, कुरिअर. संख्याशास्त्रज्ञ, डेटा मॅनेजर, जनुकीय तपासण्या, सगळं तिकडे. म्हणजे गोवंडीच्या पुनर्वसन इमारतीत लिफ्ट बंद असताना सात मजले चढून थुंकीची डबी आणायची आपल्या ताईने, आणि आकड्यांचा अर्थ लावायचा त्यांनी. प्रकल्प संपला की विभागात एक डीप फ्रीझर उरतो आणि तयार झालेली मुलं नोकऱ्या शोधत फिरतात. हे मी जवळून पाहिलंय.

पण सहकार्य म्हणजे हेच, असं समजू नकोस. 1956 मध्ये मद्रासला आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), मद्रास सरकार, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून क्षयरोगाचं केंद्र काढलं. प्रश्न इथला होता: सॅनेटोरियमच्या खाटा कधीच पुरणार नाहीत, मग गरीब रुग्णाला त्याच्या दाटीवाटीच्या घरातच औषधं दिली तर? 1959 मध्ये निष्कर्ष छापून आला. घरचे उपचार तितकेच गुणकारी ठरले होते. जगभर उपचारांची रीत बदलली. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की पाहुणे परतले तरी केंद्र टिकलं, वाढलं. आजची चेन्नईची एनआयआरटी, म्हणजे राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था, ती हीच. ढाक्याची कॉलरा प्रयोगशाळाही 1960 मध्ये अशीच बाहेरच्या मदतीने उभी राहिली होती.

तेव्हा मागायला लाजू नकोस. मुख्य विश्लेषण मुंबईत होईल, हे करारात लिहून घे. तुझ्याकडची दोन मुलं संख्याशास्त्र शिकायला जाऊ देत, आणि परतल्यावरचा त्यांचा पगारही तक्त्यात धर; तो नसेल तर शिकून आलेलं माणूस विभागात टिकत नाही. नमुने बाहेर जाणार असतील तर कोणते, कशासाठी, उरलेल्यांचं काय, तेही लेखी हवं. परदेशी सहकार्याचे प्रस्ताव तपासणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, एचएमएससीची, मंजुरी लागेलच. तिला कटकट मानू नकोस, वाटाघाटीत तिचा आधारच होतो. शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, तेही आत्ताच बोलून घे. नंतर संकोच होतो.

पुढच्या कॉलआधी सुधारलेला तक्ता मला पाठव. पगाराच्या ओळी आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
मॅडम