सिरीजचं पाचवं पुस्तक दोनशे पानांवर अडकलंय, सोडून देऊ का?

सोडू नका.

तुम्ही लिहिलंय की सारा जे. मासच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ह्या परीकथा-रोमान्स सिरीजची पहिली चार पुस्तकं महिन्याभरात संपवली आणि आता 'अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स'मध्ये अडकलाय, साडेसातशे पानं आहेत, नायिका नेस्टा नुसती सगळ्यांवर खेकसते, काही घडतच नाही. मला हे पटत नाही. आधीच्या, तिच्या बहिणीच्या म्हणजे फेयराच्या पुस्तकांत शाप होते, राजे होते, युद्ध होतं, ती पळत वाचून होतात. इथं एक बाई वडील गेल्यावर परत माणसात यायलीय, त्याला पानं लागणारच की.

मी बेळगावची, वडगावात राहते. आमच्या गल्लीत दर दोन-तीन घरं सोडून माग आहे, आमचेपण दोन होते मागच्या खोलीत, बाबा साड्या विणायचे. 2022 ची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, संध्याकाळची वेळ, एकच माग चालू होता. पॉवरलूमचं असं असतं की माणूस बाजूला बसला तरी तो आपला चालत राहतो, कांडीवरचं सूत संपलं की थांबतो, मग धोट्यात नवी कांडी घालायची आणि परत सुरू करायचा. बाबांना त्याला चार-पाच सेकंद लागायचे. लहानपणापासून तेवढी गॅप कानाला माहीत होती. त्या दिवशी माग थांबला तो सुरूच झाला नाही. आई कणीक मळत होती, म्हणाली, "का थांबलंय गं, बघ की जरा." मी आत गेले तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, हातात भरलेली कांडी.

मी रडले नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. गल्लीत माग चालू झाले की मी कानात इयरफोन घालून वर खोलीत जाऊन बसायचे, आणि तिथं हे पुस्तक होतं, बेंगळुरूच्या मैत्रिणीनं दिवाळीआधीच पाठवलेलं. तेराव्याच्या दुपारी आक्का वर आली आणि आत्या, काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "बाबा जाऊन तेरा दिवस नाहीत आणि तू ह्या चुंबाचुंबीच्या पुस्तकात तोंड घालून बसलीस? दगड आहेस दगड." मी काही बोलले नाही. आजही ते वाक्य जसंच्या तसं कानात आहे.

माझं शिक्षण सगळं मराठी मीडियममध्ये, ऑफिसात दिवसभर कन्नड, इंग्लिश मी हळूच वाचते. खानापूरला नोकरी, जाता-येता बसमध्ये दहा पानं, कधी पाच. असं चार महिने. आणि तुम्ही ज्याला "काही घडत नाही" म्हणताय तेच मला आधार देत होतं. नेस्टाला डोंगरावरच्या त्या घरात ठेवलंय, खाली वेलारिस शहरात जायला दहा हजार पायऱ्या, ती उतरायला लागते, पाय थरथरतात, परत वर येते, दुसऱ्या दिवशी परत. सकाळी नायक कॅसियनबरोबर लढायचं ट्रेनिंग, दुपारी लायब्ररीत पुस्तकं लावायची. तेच तेच. दुःखात दिवस असेच जातात हो, रोज नवीन काय घडणार.

मग शेकोटीचं आलं. तुम्ही अजून तिथं पोचला नसाल तर सॉरी, पण त्याशिवाय मला सांगताच येणार नाही. नेस्टाला लाकूड तडकल्याचा आवाज सहन होत नाही, थंडीत कुडकुडेल पण आग नको. तिसऱ्या पुस्तकात शत्रूनं, हायबर्नच्या राजानं, तिच्यासमोर वडिलांची मान मोडली होती ना, लाकूड तडकलं की तिला तेच ऐकू येतं. मी हे खानापूर स्टँडवर वाचलं आणि पुस्तक मिटलं. घरी आले, इयरफोन पिशवीतच ठेवले, आणि शेजारच्या काकांच्या खिडकीपाशी उभी राहिले. माग चालू होता. कांडी संपली, थांबला. काकांनी नवी घातली, सुरू झाला. तिथंच गल्लीत रडले, चपला पण तशाच पायात, काकू बाहेर येऊन मला धरून आत घेऊन गेल्या.

म्हणून रोमान्स म्हणजे टाइमपास, परीकथा म्हणजे पोरकट असं कोण बोललं की मला राग येतो. जो माणूस चार लोकांसमोर रडतो तेवढाच दुःखात असतो असं काही नाही. काहीजण वाचून रडतात, चार महिन्यांनी रडतात.

तर तुमचं. ग्विन आणि एमेरी दोघी नेस्टाबरोबर नीट जमेपर्यंत वाचा, त्या तिघींची मैत्री हाच ह्या पुस्तकाचा जीव आहे, कॅसियन मला तरी दुसऱ्या नंबरवर. त्यानंतरपण कंटाळा आला तर ठेवून द्या, नंतर वाचा. पानं गाळत वाचू नका. चौथं ते छोटं पुस्तक घाईत उरकलं असेल तर त्यातली नेस्टाची पानं परत बघा, ती दारूत आणि एकटेपणात कशी जाते ते तिथंच दिसायला लागतं.

आणि हो, हे आधी सांगायला पाहिजे होतं, ह्यात बेडरूमचे सीन भरपूर आणि उघड आहेत, घरातल्या लहान पोरींच्या हाताला लागू देऊ नका. स्वतःचा तिरस्कार, जगणं नकोसं होणं हेपण आहे, तुम्ही सध्या तशा अवस्थेत असाल तर एकटीनं रात्री वाचू नका, कुणाशी तरी बोला आधी.

माझी कॉपी आता माझ्याकडं नाही. आक्काचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं, बीएला तोच विषय होता. गेल्या गणपतीला ती निपाणीहून आली होती, जाताना तिच्या पिशवीत घातलं, शेकोटीच्या पानाला बाबांच्या मागावरचा सुताचा तुकडा घालून. परवा फोनवर म्हणाली, अर्धं झालंय.