आधी कड वाच

सप्रेम आशीर्वाद,

महिलांच्या पदकांच्या संग्रहासाठी तू जो रॉयल रेड क्रॉस विकत घ्यायच्या विचारात आहेस, त्याचे फोटो नीट पाहिले. लष्करी परिचर्येसाठी दिलं जाणारं हे ब्रिटिश पदक. क्रॉस देखणा आहे, फितीचा बो शाबूत आहे, आणि विक्रेत्याने जोडलेली फ्रान्समधल्या इस्पितळाची कहाणी तर त्याहून देखणी. पण त्या कहाणीसाठी एक पैसाही जास्त मोजू नकोस. हे पदक १८८३ मध्ये सुरू झालं, आणि पहिल्या महायुद्धात दिले गेलेले क्रॉस बिननावाचे असायचे. १९३८ पासून मागच्या बाजूला कोरीव मजकूर येऊ लागला, तोही फक्त वर्षाचा. एकटा आलेला क्रॉस कुणाचा, हे त्याच्याकडे पाहून कुणालाच सांगता येणार नाही. त्याच्यासोबत त्याच बाईंचं नाव असलेलं पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल आहे का, आणि ती जोडी मुळातली की दुकानात जुळवलेली, एवढंच विचार. नुसत्या क्रॉसपेक्षा मी साधं, मळकं पण नाव असलेलं ब्रिटिश वॉर मेडल केव्हाही घेईन.

नाव असतं पदकाच्या कडेवर. भिंग लाव आणि शांतपणे अक्षरन् अक्षर उतरवून घे, टिंबांसकट. नावाआधी सिस्टर आहे, स्टाफ नर्स आहे, की वर्कर? वर्कर हा क्वीन मेरीज आर्मी ऑक्झिलरी कोअर या ब्रिटिश लष्कराच्या महिला दलातला हुद्दा, शिपायाच्या जागी. हे दल १९१७ मध्ये उभं राहिलं, त्यामुळे त्यात भरती झालेल्या मुलीच्या पदकांबरोबर १९१४-१५ चा स्टार, म्हणजे त्या वर्षांत परदेशी युद्धभूमीवर गेलेल्यांचं पदक, दिसला तर दोन शक्यता उरतात. एक तर ती आधी परिचारिका म्हणून परदेशी गेलेली होती, नाहीतर स्टार दुसऱ्याच कुणाचा आहे.

आद्याक्षरांत तर फारच जपावं लागतं. ‘क्यू.ए.आय.एम.एन.एस.’ आणि ‘क्यू.ए.एम.एन.एस.आय.’ ही क्वीन अलेक्झांड्रा यांच्या नावाच्या दोन लष्करी परिचर्या सेवांची आद्याक्षरं. अक्षरं तीच, फक्त ‘आय’ची जागा बदलते. मधला आय म्हणजे इम्पिरिअल, शेवटचा म्हणजे इंडिया. दुसरी सेवा हिंदुस्थानातली. तिची मुळं १८८८ मध्ये मुंबईत उतरलेल्या दहा परिचारिकांपर्यंत जातात, आणि तिचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. पहिलीचे लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. एक अक्षर चुकीचं वाचलंस, तर भलत्याच इमारतीत शोधत बसशील.

पुरुषांच्या पदकांवर तयार झालेली नजर इथे फसते, हे या छंदातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बोअर युद्धातलं किंग्ज साउथ आफ्रिका मेडल घे. सैनिकांच्या पदकावर फितीवर १९०१ आणि १९०२ अशा धातूच्या दोन पट्ट्या हमखास असतात, परिचारिकांना मात्र ते पट्ट्यांविना दिलं गेलं. नवखा माणूस म्हणतो, ‘पट्ट्या हरवल्या.’ त्या कुणी हौसेने बसवलेल्या दिसल्या तर उलट तिथेच थांब. तसंच महायुद्धभर मायदेशातल्याच इस्पितळात राबलेल्या व्हीएडी, म्हणजे स्वयंसेवी मदत पथकांतल्या, मुलींचं. समुद्र ओलांडला नाही म्हणून त्यांना वॉर मेडल मिळालंच नाही. घरच्यांना वाटतं पदक गहाळ झालं, आणि मग कुणीतरी भलतंच पदक त्या जागी ठेवून देतं.

यानंतर येतो खरा चिवट भाग, लग्नाचा. कडेवर कोरलेलं असतं माहेरचं नाव. नियमित लष्करी परिचर्या सेवेत लग्न झालं की नोकरी सुटायची, आणि पदकं तयार होऊन वाटली गेली ती युद्ध संपल्यावर. तोवर बऱ्याच जणींचं नाव आणि पत्ता दोन्ही बदललेले. परिचारिकांचा दर्जा अधिकाऱ्यांचा, त्यामुळे त्यांना पदकासाठी अर्जही करावा लागे. तोच अर्ज आपल्या कामाचा. मेडल कार्डावर (पदकाच्या सरकारी नोंदीचं कार्ड) किंवा सेवेच्या फायलीत ‘आता मिसेस अमुक’ अशी पेन्सिलीची नोंद मिळाली, तर तो दिवस सोन्याचा समज. नाही मिळाली तर विवाह नोंदणीची सूची, जनगणना, मृत्युपत्रं असं एकेक चाळत जा. नुसतं आद्याक्षर आणि ‘ब्राउन’ एवढ्यावर ‘हीच ती’ असं ठरवू नकोस. वहीत ‘बहुधा’ लिहायला लाजायचं नाही.

१९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात लागलेल्या आगीत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बहुतेक फायली जळाल्या, महिला दलाच्याही. परिचारिकांच्या मात्र बऱ्याच वाचल्या. म्हणूनच नवशिक्याने सुरुवात परिचारिकेपासून करावी, असं मी सुचवतो. शोध निदान कुठेतरी पोचतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने पदकं बिननावाचीच पोस्टाने धाडली, तीही अर्ज करणाऱ्यांनाच. ऑस्ट्रेलियाने मात्र नावं घातली, आणि तिथे सेवाक्रमांकच बोलतो. व्हिक्टोरियातल्या पुरुषाचा क्रमांक व्हीएक्स, बाईचा व्हीएफएक्स. बांका बेटावर फेब्रुवारी १९४२ मध्ये जपान्यांनी परिचारिकांना समुद्रात चालायला लावून मागून गोळ्या घातल्या. त्यांतून एकटीच वाचलेल्या व्हिव्हियन बुलविंकल यांचा क्रमांकही असाच होता.

पदक म्हणता येणार नाही, पण माझ्या मनात घर करून बसलेली वस्तू म्हणजे पहिल्या महायुद्धातला स्मृतिफलक. मृतांच्या घरी गेलेल्या लाखो फलकांवर ‘ही डाइड’ आहे, आणि जेमतेम सहाशेंवर ‘शी डाइड’. हुद्दा नाही, दल नाही, फक्त नाव. समोर आला तर आधी युद्धमृतांच्या नोंदवहीत नाव ताडून बघ, आणि एस हे अक्षर मागाहून तर घातलेलं नाही ना, हे भिंगाखाली.

गॅझेट, म्हणजे सरकारी राजपत्र, वाचायची सवय आत्तापासूनच लाव, कारण पदक पाहून सगळं कळत नाही. भारतीय सेना मेडल शौर्यासाठीही मिळतं आणि विशिष्ट सेवेसाठीही, पदक तेच. मिताली मधुमिता यांना २०११ मध्ये ते काबूलमधल्या कामगिरीबद्दल मिळालं. शौर्यासाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. हा फरक अधिसूचनेत कळतो, धातूत नाही. आणि दिलेलं पदक परतही मागितलं जातं बरं! अमेरिकी यादवी युद्धात शल्यचिकित्सक असलेल्या डॉ. मेरी वॉकर यांचं मेडल ऑफ ऑनर, तिथलं शौर्याचं सर्वोच्च पदक, १९१७ मध्ये रद्द झालं, १९७७ मध्ये पुन्हा बहाल झालं. बाईंनी मधल्या काळात ते छातीवरून उतरवलंच नाही म्हणतात. तिथे मेडल ऑफ ऑनरची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, तेव्हा कुणी देऊ केलं तर हात लावू नकोस.

पॉलिश करू नकोस. घासून घासून कडेवरची अक्षरं बोथट होतात, आणि मग कड कानशीने घासून दुसरं नाव घातलंय की काय हे ओळखणं अवघड जातं. कॅलिपर जवळ ठेव. वॉर मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर भरायला हवा. बोच्या जागी सरळ फीत लावून ‘नीटनेटकं’ करायचा मोह होईल, तोही आवर. महिलांची पदकं बहुधा बोवर लावायची पद्धत होती, आणि जुना बो गेला की पुन्हा मिळत नाही.

शोध लागता लागता कधीतरी नातवंडं सापडतील. त्यांना आधी तू गोळा केलेले कागद पाठव, सगळे, काही हातचं न राखता. पदक त्यांच्याकडे असेल तर विकत मागू नकोस, फक्त कडेचा फोटो माग. आजीचं फोटोतलं रूप त्यांनी दाखवलंच, तर गणवेशाच्या बाहीवर काय आहे ते पाहायला विसरू नकोस.

कळावे. विक्रेत्याचं उत्तर आलं की जसंच्या तसं पाठव.