फॉर्म्युला स्टुडंट कारचा चेन रेशो आणि ब्रेक बायस कसा ठरवायचा?

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेस कारची स्पर्धा. ब्रेक बायस म्हणजे ब्रेकच्या जोराची पुढे-मागे वाटणी, आणि चेन रेशो म्हणजे चेनच्या दोन स्प्रॉकेटांच्या (दातेरी चाकांच्या) दातांचं प्रमाण. आधी ब्रेक. रेशो चुकला तर मागचं स्प्रॉकेट बदलता येतं. स्पर्धेतल्या ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक झाली नाहीत तर गाडी ट्रॅकवर उतरतच नाही.

आणि टेस्टला नडतात ती मागची चाकं, जरी रिपोर्टची सगळी पानं पुढच्या रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) खर्च झालेली असली तरी. ड्रायव्हरसकट २८० किलो, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १५५० मिमी, सीजीची (गुरुत्वमध्याची) उंची ३०० मिमी, उभ्या गाडीचं वजन पुढे-मागे ४८:५२ धरा. टायरचा म्यू (रस्त्यावरची पकड, घर्षणांक) १.४ असताना ब्रेक लावल्यावर साधारण ७४५ न्यूटन भार पुढे सरकतो, म्हणजे ब्रेकची पुढे-मागे वाटणी ७५:२५. बायस बार (पेडलचा जोर पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये वाटणारा दांडा) त्यावर बसवून मंडळी मोकळी होतात. टेस्टला टायर थंड, खाली धूळ. म्यू १.० वर आला की भार कमी सरकतो आणि हवी असते ६७:३३. पुढची चाकं लॉक होतात, मागची फिरत राहतात. ती थांबवायला म्यू १.० च्या आदर्श हिशोबापेक्षा पेडलवर ३० टक्के जास्त जोर लागतो. तेव्हा पेडलचा जोर मागच्या चाकांवरून काढा. ‘मागच्या वर्षीच्या शीटमध्ये असंच होतं’ हे उत्तर मी तरी मानत नाही.

जोर कमी पडतो म्हणून मोठा मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणारा) लावणारेही भेटतात. उलटं आहे. ५/८ इंचाऐवजी ०.७ इंच बोअर (आतला व्यास) घेतला तर तेवढ्याच जोरात दाब पाचव्या हिश्शाने घटतो.

पेडल मऊ लागलं की सगळे ब्लीडिंगला (ब्रेक ऑइलमधली हवा काढायला) बसतात. आधी एकाला पेडल दाबायला लावा आणि मास्टर सिलेंडरच्या माउंटिंग प्लेटकडे बघा. पेडलने सोसायला हवेत असे नियमातले २००० न्यूटन ५:१ पेडलवर (जोर पाचपट करणाऱ्या) आले की बायस बारवर १०,००० न्यूटन येतात. पातळ प्लेट वाकताना डोळ्यांना दिसते. बायस बार दाब चढल्यावर काटकोनात यायला हवा, मोकळा असताना नव्हे. क्लेव्हिस (बारच्या टोकाची जोडणी) बाजूला घासली तर बार अडकतो आणि बायस तुम्ही लावलाय तो राहत नाही.

आता चेन. गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर २५० न्यूटन-मीटर टॉर्क आला तर ५२० मापाच्या चेनच्या १३ दाती स्प्रॉकेटवर ताण साडेसात हजार न्यूटन. डिफच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या) दोन ब्रॅकेटांत तो निम्मा-निम्मा वाटू नका, स्प्रॉकेटजवळचं ब्रॅकेट बहुतेक सगळा खातं. चेन ताणणारे दोन्ही टर्नबकल सारखे फिरवा, नाहीतर स्प्रॉकेट तिरकं होऊन चेन उडते. रेशो असा धरा की ७५ मीटरच्या अ‍ॅक्सिलरेशन शर्यतीत गिअर कमीत कमी वेळा बदलावे लागतील, पण पहिल्यात चाकं नुसती घसरणार नाहीत.

हो, सीजीची उंची कॅडवरून (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनवरून) घेऊ नका, गाडी तिरकी करून मोजा. आणि मागे डिफवर एकच रोटर असेल तर त्या एका कॅलिपरला (रोटर दाबणाऱ्या भागाला) दोन्ही चाकांचा टॉर्क पेलायचा असतो, शिवाय तो ड्राइव्हशाफ्टमधूनही जातो.