जुन्या घरावर मजला चढवावा की मोठा फ्लॅट घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी बांधलेलं एकमजली घर आहे, कुटुंब वाढलंय, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वरच्या दोन खोल्या फ्लॅटच्या पाव किमतीत होतील. आमच्या सांगलीच्या घरी २०२२ मध्ये हेच झालं, म्हणून सांगतो.

आम्हाला दर मिळाला चौरस फुटाला १७०० रुपये. ६५० फुटांचे ११ लाख. प्रत्यक्षात गेले १६ लाख ४० हजार. कॉन्ट्रॅक्टरने फसवलं नाही, त्याने फक्त नव्या मजल्याचा दर सांगितला होता. तो ज्यावर उभा राहणार, त्याचं कोण बोलणार?

गच्चीवर कॉलमच्या सळ्या सोडलेल्या होत्या, 'पुढे मजला चढवू' म्हणून. पंचवीस वर्षांचे पावसाळे खाल्लेल्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरने एकीवर हातोडी मारली तर गंजाचे पापुद्रे खपल्यांसारखे गळाले. मग त्याने एका कॉलमशेजारी खड्डा खणायला लावला. आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. फूटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, त्या मातीतच थांबलेलं असतं तर विषय संपला होता. सहा फुटांवर मुरूम लागला. वडिलांनी तिथे पैसे वाचवले नव्हते! तरी नऊ कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचं कवच, करावंच लागलं, त्याचे २ लाख ६० हजार. बाकीची वाढ बाहेरचा जिना, जुना कोबा फोडून राडारोडा उचलणं, नकाशा मंजुरी असल्या गोष्टींत गेली. खाली राहायचं आणि वर सेंट्रिंग ठोकायचं, हे पाच महिने आईने कसे काढले ते तिलाच ठाऊक.

तुमचं घर कॉलमचं आहे की भिंतींवर पेललेलं, ते आधी बघा. लोड बेअरिंग असेल तर मी मजल्याच्या नादाला लागणार नाही.

आता फ्लॅट. ५५ लाखांचा धरा. महापालिका हद्दीत आमच्याकडे मुद्रांक शुल्क ६ टक्के, घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. वर नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असलेला घेतला तर ५ टक्के जीएसटी. म्हणजे सहा लाखांवर रुपये भिंतीला हात न लावता गेले. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही, म्हणून मी तयार फ्लॅटच बघेन. आणि चौरस फूट मोजताना कार्पेटच मोजा, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायची जागा; बिल्डर जिना-लॉबीचा वाटा धरून 'सेलेबल' सांगतो.

तरीही आमचा मजला फ्लॅटच्या तिसऱ्या हिश्श्यात झाला, हे खरं. मात्र विकायला काढलं तर गिऱ्हाईक जागेचा भाव करतं, तुमच्या जॅकेटिंगचा नाही. राहायचं असेल तरच बांधा.

परवानगीचं थोडक्यात: आमच्याकडे दाट गावठाण सोडून इतरत्र मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, १.१ आहे. तुमच्या समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियम भरून वाढवून घेण्याचा मार्गही बहुधा बंद. तळमजल्यावर किती वापरला गेलाय ते मंजूर नकाशावरून काढा. नकाशा सापडत नसेल तर आधी तो मिळवा, कर्जाला बँकही तोच मागते.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती. घर अजून वडिलांच्याच नावावर आहे का? आणि भावंडं? वारसांची वाटणी न होता तुम्ही वर १६ लाख घातले, तर उद्या त्या मजल्यातही सगळ्यांचा हिस्सा निघू शकतो. आम्ही आधी बहिणीकडून हक्कसोडपत्र नोंदवून घेतलं, तिला ठरलेली रक्कम दिली, मगच गवंडी बोलावला. ती रक्कम वरच्या १६ लाखांत धरलेली नाही.