मंदिराची दिशा अभ्यासताना

मंदिरातील प्रतीकांचे अर्थ लावण्याआधी आपण दिशा आणि तारखा मोजायला शिकावे, असे मी आग्रहाने सुचवेन. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातील किरणोत्सव, म्हणजे मावळत्या सूर्याची किरणे देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचण्याचा सोहळा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत होतो. दोन्ही काळ डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवसापासून सुमारे ४१ दिवसांवर असल्याने सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. ताऱ्यांचे तसे नाही, त्यांची उगवण्याची जागा शतकानुशतके हळूहळू सरकते. कृत्तिका हा तारकापुंज पूर्वेपासून ढळत नाही, या शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातील विधानावरून ज्योतिषशास्त्राचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी इसवी सनपूर्व ३००० च्या सुमाराचा काळ काढला, कारण संपातबिंदू (आकाशातील विषुववृत्त आणि सूर्याचा मार्ग जिथे छेदतात तो बिंदू) सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. (त्यावर मतभेद आहेत, तेही अवश्य अभ्यासावेत.) ठाण्यात सराव करताना येऊरच्या डोंगराची उंची हिशेबात धरा, सूर्य त्यामागे लवकर दडतो आणि मावळतीचा बिंदू थोडा दक्षिणेकडे भासतो.