कूलर बंद करू का माईक बदलू?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये आणि व्हॉट्सअपवर एकच विषय पुन्हा पुन्हा येतोय, घरी गाणं रेकॉर्ड करायचंय तर कोणता माईक घेऊ. म्हणून यावेळचं पूर्ण सदर त्यालाच देतो. प्रश्न थोडे छोटे केलेत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

प्रश्न : दादा, मी भावगीतं आणि थोडं शास्त्रीय गाते, रियाज घरीच असतो तर आता रेकॉर्डिंग पण घरीच करावं म्हणतेय. बजेट इंटरफेस धरून वीसेक हजार. एकजण म्हणतो कंडेन्सरच घे, दुसरा म्हणतो तुझ्या खोलीत कूलर चालतो तर डायनॅमिक घे, तो बाहेरचा आवाज घेतच नाही. खरं काय? – एक गायिका, प्रतापनगर

ताई, हे "डायनॅमिक बाहेरचा आवाज घेत नाही" मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता एकदा नीट सांगूनच टाकतो. स्टेजवर हातात धरून गातात तो दणकट माईक म्हणजे डायनॅमिक, आणि बारीक आवाजही टिपणारा, चालायला वेगळी वीज लागणारा तो कंडेन्सर. डायनॅमिक माईक सगळाच आवाज कमी घेतो, कूलरचा कमी घेतो तसा तुमचाही कमीच घेतो. मग तुम्ही इंटरफेसवर, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर, गेन म्हणजे माईकची लेव्हल वाढवता, की तुमच्या आवाजासोबत कूलरही तेवढाच वर येतो. मग लोकांना फरक का जाणवतो? कारण डायनॅमिक आपण ओठांपाशी धरून गातो आणि कंडेन्सर फूटभर लांब स्टँडवर लावतो. फरक बराचसा अंतराचा असतो आणि श्रेय माईकला मिळतं.

अंतराचा हिशोब बघा. फूटभरावरून सहा इंचावर आलात की तुमचा आवाज माईकमध्ये साधारण ६ डेसिबलने वाढतो, तीन इंचावर आलात की अजून ६. कूलर मात्र आहे तिथेच, आहे तेवढाच. म्हणजे एक रुपया न खर्च करता कूलर १२ डेसिबल मागे गेला. म्हणून माझं म्हणणं आधी अंतर ठरवा आणि मग माईक.

पण जवळ येण्याची किंमत पण आहे. एका बाजूने ऐकणारे जे माईक असतात, ज्यांना कार्डिऑइड म्हणतात, त्यांच्या फार जवळ गेलं की खालचे सूर फुगतात, खर्ज एकदम जाड वाटायला लागतो. आणि शास्त्रीय गाताना मान हलते, हात जातो, तान घेताना आपण पुढे-मागे होतो, तीन इंचावर एक इंच हललात तरी आवाज केवढा वर-खाली होतो ते स्वतः ऐकून बघा. भावगीत एकवेळ चार बोटांवरून जमेल, बडा ख्याल नाही जमणार. तुमच्यासाठी आठ ते दहा इंच आणि मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे प-फ म्हणताना येणारी फुंकर अडवणारी जाळी, हे मला योग्य वाटतं, आणि या अंतरावर कंडेन्सर जास्त खुलतो, वरच्या सुरांतली बारीक हरकत तो नीट धरतो.

मग कूलरचं काय? कूलर बंद करायचा ताई, दुसरा रस्ता नाही. मे महिन्यात नागपुरात हे सांगणं म्हणजे काय हे मला माहितीय, मी पण इथेच राहतो. पण खोली आधी अर्धा तास गार करून घ्या, मग कूलर आणि सीलिंग फॅन दोन्ही बंद करून पाच-सात मिनिटांचा एक टेक, पुन्हा कूलर चालू. किंवा सरळ पहाटे पाचला बसा, तेव्हा रस्ताही शांत असतो आणि तुमचा गळा रियाजाचा असेल तर तोही तयार असतो.

नाव हवं असेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० तुमच्या कामाचा आहे, सोबत ४८ व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माईकला वीज, देणारा एका माईकचा साधा इंटरफेस घ्या कारण त्या पॉवरशिवाय कंडेन्सर बोलणारच नाही. दुकानदार तुम्हाला सेल्फ नॉइजचे, म्हणजे माईकच्या स्वतःच्याच सूक्ष्म सरसरीचे, आकडे दाखवेल, एटी२०२० चा २० डेसिबल आणि रोड कंपनीच्या महागड्या एनटी१ चा फक्त ४. आकडे खरेच आहेत पण रात्रीची शांत बेडरूमही ३० डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे तुमच्या घरात तो फरक खोलीच्याच आवाजाखाली दबून जाणार. ते वरचे पैसे आत्ता तिथे घालू नका, चांगला जड बुडाचा स्टँड घ्या. आणि कूलर खरंच बंद होत नसेल, घरात लहान बाळ आहे, आजारी माणूस आहे, तर मग शुअरचा एसएम५८ घ्या आणि चार बोटांवरून गा. १९६६ पासून हा माईक बाजारात आहे, स्टेजवर पडून-आपटून पण टिकतो, वरचे अगदी बारीक सूर थोडे कमी घेतो म्हणून कूलरची सरसर पण जरा कमी येते.

बसायचं कुठे तेही सांगतो, कारण इथे बरेच जण चुकतात. कार्डिऑइड माईकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून माईकची पाठ खिडकीकडे, म्हणजे तुमचं तोंड खिडकीकडे. आणि माईक ज्या दिशेला बघतोय ती भिंत तुमच्या पाठीमागची आहे, तर गादी तिथे उभी करायची. लोक माईकच्या मागे फोम चिकटवतात आणि स्वतःच्या मागची टाईल्सची भिंत तशीच सोडतात. कापसाची जाड गादी चालते, विदर्भात तिची काय कमी. अंड्याचे ट्रे मात्र लावू नका, खोली कुरूप होते आणि आवाज घुमतो तो घुमतोच.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. स्वतः पेटी वाजवून गातो. एकाच माईकवर घेतलं तर पेटी गळ्यावर बसते, दोन माईक लावले तर आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. काय करावे? – एक वाचक, महाल

सर, तो पोकळपणा माईक खराब असल्यामुळे येत नाही. तुमचा आवाज दोन्ही माईकमध्ये जातो, एकात आधी आणि दुसऱ्यात किंचित उशिरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरच्या फरकाला जवळपास ३ मिलिसेकंद. कानाला ते वेगळं कळत नाही पण दोन्ही ट्रॅक एकत्र केले की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. यावर जुना नियम आहे तीनास एकचा, माईक गळ्यापासून जितका लांब त्याच्या तिप्पट तरी अंतर दोन माईकमध्ये ठेवा. पण स्वतःच वाजवून गाणाऱ्याला पेटी आणि तोंड यात जेमतेम दोन फूट मिळतात, तिथे गळ्याचा माईक सहा-सात इंचावर असेल तरच नियम पाळला जातो.

म्हणून मी तुम्हाला आधी एकच माईक नीट लावून बघायला सांगेन. सध्या तुमचा माईक बहुतेक समोरून किंवा वरून खाली बघत असणार, म्हणजे तोंड आणि पेटी दोन्ही त्याच्या नजरेत. त्याला हनुवटीच्या खाली आणा आणि खालून वर तोंडाकडे बघता करा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे जाईल. पेटी काही गायब होत नाही, पण मागे बसते, साथीला बसल्यासारखी. मग माईक दोन-दोन इंच हलवत, प्रत्येक जागी एकच ओळ गाऊन, हेडफोनवर ऐका. तासभर जाईल पण तो तास वाया जाणार नाही सर, एकदा जागा सापडली की जमिनीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा.

पेटीला वेगळा माईक लावायचाच असेल तर उजव्या बाजूने, दीडेक फूट वर. फार जवळ नेला तर सुरांपेक्षा पट्ट्यांचा खटखटाट आणि भात्याची फुसफुसच जास्त येते.

प्रश्न : भाऊ, आमचं खंजिरी भजन मंडळ आहे, सात जण हाओत. मोबाईलवर रेकॉर्ड करून राहिलो पण खंजिरीच खंजिरी ऐकू येते, गाणाऱ्यायचा आवाज दबून जाते. सगळ्यायले एक एक माईक घ्यावा लागन का? – सक्करदरा

अजिबात नाही भाऊ! सात माईक घ्याल तर सात स्टँड, सात केबल, आठ इनपुटचा इंटरफेस आणि एवढं करून सगळ्यांचा आवाज सगळ्यांच्या माईकमध्ये. तुमच्यासाठी एकच चांगला कंडेन्सर पुरे, आणि मला तर तेच जास्त आवडेल कारण भजन हे एकमेकांकडे बघून, एकमेकांचा सूर ऐकून होतं, हेडफोन लावून वेगवेगळं बसवून ते रंगत नाही.

मोबाईलमध्ये काय होतं तर खंजिरीचा ठोका पडला की फोन आपोआप लेव्हल खाली घेतो, आणि त्या ठोक्यासोबत गाणं पण खाली जातं. म्हणून दबल्यासारखं वाटते. इंटरफेसमध्ये हे आपोआप होत नाही, लेव्हल तुम्ही लावाल तीच राहते. ती लावताना खंजिरीवाल्याला म्हणा जेवढं जोरात वाजवणार आहे तेवढं वाजव, गजर चढल्यावरचं, आणि तेव्हा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं मीटर वजा १२ डेसिबलच्या आसपास थांबलं पाहिजे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये २४ बिट निवडून रेकॉर्ड करा म्हणजे कमी लेव्हलची भीती राहत नाही, नंतर वाढवता येते. पण एकदा फाटलेला आवाज परत येत नाही.

आता मुख्य गोष्ट. माईक मध्ये ठेवा छातीच्या उंचीवर, गाणारे त्याच्यासमोर अर्धगोलात तीनेक फुटावर, मुख्य गायक एक पाऊल पुढे, पेटी बाजूला, खंजिरी सगळ्यांच्या मागे सहा-सात फुटावर. एक कडवं घ्या, ऐका. खंजिरी अजून जास्त आहे? त्याला अजून मागे पाठवा. कोरस कमी पडतोय? दोघांना पुढे घ्या. माईकला हात लावू नका, माणसं हलवा. पूर्वी सगळे मिळून एका माईकसमोर गायचे तेव्हा असंच बसवायचे, आणि त्या जुन्या रेकॉर्ड ऐकताना आजही प्रत्येक माणूस आपल्या जागेवर बसलेला ऐकू येतो.

हॉलमध्ये टाईल्स असतील तर दोन सतरंज्या तरी टाका, खाली फरशी आणि वर स्लॅब असला की खंजिरीच्या झांजा नुसत्या नाचतात. आणि रेकॉर्डिंग झालं की मला नक्की पाठवा, मनापासून ऐकायचंय.

प्रश्न : माझा कंडेन्सर मागच्या जुलैपासून मधेमधे चरचर करतो. केबल बदलून पाहिली. माईक गेला का? – त्रिमूर्तीनगर

केबल बदलूनही होतंय आणि पावसाळ्यातच सुरू झालं म्हणता तर बहुतेक ओल धरली. आत जो पडदा असतो तो सोन्याचा पातळ थर दिलेला, जाडी काही मायक्रॉन, त्यावर दमट हवा बसली की चार्ज टिकत नाही आणि मग चरचर. आपल्याकडे तर पाऊस सुरू झाल्यावरही लोक कूलर चालवतात, म्हणजे आधीच दमट हवेत अजून पाणी, आणि माईक रात्रंदिवस त्याच खोलीत स्टँडवर. माझाही एक चांगला माईक असाच दोन पावसाळे उघडा राहून बिघडला होता, फार वाईट वाटलं होतं, म्हणून कळकळीने सांगतोय.

घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि माईक दोन दिवस आत ठेवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच सुधारतो. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर नको, जाळी काढून फुंकर तर मुळीच मारू नका. दोन-तीनदा वाळवूनही चरचर राहिली तरच दुरुस्तीला न्या.

प्रश्न : यूएसबी माईक घेऊ की इंटरफेसवाला? फक्त गिटार आणि गाणं. – कॉलेजचा विद्यार्थी, धरमपेठ

एकट्याचंच काम असेल आणि पैसे कमी असतील तर यूएसबी, म्हणजे इंटरफेसशिवाय थेट कॉम्प्युटरला लागणारा माईक घे, लाजायचं काही नाही, त्यावर पण छान गाणी होतात. फक्त हे लक्षात ठेव की पुढे गिटारला वेगळा माईक लावावासा वाटला तर दुसरा यूएसबी माईक जोडून भागत नाही, दोघांची आतली इलेक्ट्रॉनिक घड्याळं वेगळी चालतात आणि गाणं लांबलं की ट्रॅक मागे-पुढे सरकतात. ते वर्षभरात करशील असं वाटत असेल तर थोडं थांब, पैसे साठव आणि दोन इनपुटचा इंटरफेस घे. गिटारला माईक भोकासमोर लावू नकोस, तिथे नुसतं घुमतं, जिथे मान बॉडीला मिळते तिथे साधारण फूटभर लांब लाव आणि तिथून सुरुवात कर.